अर्धा सांगावा

कॉलेजातल्या नाटकाची तालीम संपेपर्यंत त्रिंबक शिपाई दाराशी स्टुलावर बसून असे. कुलूप लावायचं काम त्याचं, त्यामुळं थांबणं भाग. साल एकसष्ट. औरंगाबादेत नोकरीला लागून त्याला बारा वर्षं झाली होती. त्याआधीचं वय खुलताबादच्या डोंगरात मेंढरांमागं गेलं.

नाटक ग्रीक होतं, नानासाहेब सरांनी मराठीत आणलेलं. सरांनी त्या जुन्या शोकांतिकांच्या अभ्यासात उभं आयुष्य घातलं होतं. त्या नाटकांत मरण सहसा डोळ्यांपुढं दाखवत नाहीत. निरोप्या येतो आणि घडलं ते सगळं सांगतो. ते काम रामकिसन नावाच्या पोराकडं होतं आणि तो पाढे म्हणावे तसा बोलत होता.

वैतागून सर दाराकडं वळले. "काय त्रिंबक, तुमच्याकडं मयताचा सांगावा कसा देतात?"

"असा नाय देत, साहेब. एवढं लांबण लावलं तर लोक जोड्यानं मारतील." पोरं हसली. "'तब्येत जास्त हाय, चला' एवढंच म्हणायचं. उंबऱ्याच्या आत जायचं नाय, त्या घरचं पाणी प्यायचं नाय. पाणी नको म्हणलं की घरच्यांनी वळखायचं."

सरांनी लगेच वहीत टिपून घेतलं. "आणि निरोप्या चुकला तर?"

"कशाला चुकंल?" म्हणत त्रिंबक स्टूल उचलून व्हरांड्यात जाऊन बसला.

तो चुकला होता. अठ्ठेचाळीस साली, पोलीस ॲक्शनच्या आठवड्यात, तो आणि त्याच्याच गावचा सोनाजी वैजापूरकडं मेंढरं चारत होते. रस्त्यावर गोळीबार झाला. गोळी कुणाची ते कधी कळलं नाही, पण सोनाजी गेला. त्रिंबकनं त्याला ओढ्याकाठी पुरलं आणि दोन दिवस चालून त्याच्या दारात आला. "गोळी लागली, दवाखान्यात नेलाय, जास्त हाय," म्हणाला. सोनाजीच्या बायकोनं, सारजाबाईनं, तांब्या पुढं केला. घशाला कोरड पडली होती, तो घटाघटा प्याला. बाईच्या तोंडावर जीव आलेला त्यानं पाहिला आणि पुढचं बोलायची हिंमत झाली नाही. महिनाभरानं त्यानं शहर गाठलं. या वर्षांत सारजाबाई सगळे दवाखाने धुंडाळून आली होती आणि अजून कुंकू लावत होती.

तालीम संपली, पोरं गेली. त्रिंबकनं विचारलं, "साहेब, इतकं खोलात सांगून त्या नाटकातल्या बाईला काय मिळतं? माणूस तर माघारी येत नाय."

सर वही मिटता मिटता थांबले. "यावर शहाणे लोक अजून भांडतायत. मला एवढंच वाटतं, मेला हे कळणं वेगळं आणि कसा मेला हे कळणं वेगळं. तिनं पाहिलेलं नसतं, निरोप्यानं पाहिलेलं असतं. पण ते तिचं आहे. त्यानं आपल्याजवळ ठेवून घ्यायचं नसतं."

रविवारी त्रिंबक खुलताबादच्या मोटारीत बसला.

सारजाबाई अंगणात लोकर पिंजत होती. "भावजी! आज वाट चुकली म्हणायची." तिनं पाणी आणलं.

"नको, वहिनी."

तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. "तवा तर पिले होते."

"तवा चुकलो."

मग उभ्या उभ्याच त्यानं सांगितलं. मेंढरं कुठल्या बांधाला होती, आवाज कुठून आला, रक्त किती गेलं, जीव जायला किती वेळ लागला, ओढा कुठला, वर दगड किती ठेवले.

"काही बोलले?" शेवटी तिनं विचारलं.

इथं खोटं बोलणं सोपं होतं. "तुमचं नाव नाय घेतलं, वहिनी. मेंढरं पांगली, वळव, म्हणाले."

"त्यांच्यावाणीच," ती म्हणाली. हातातला तांब्या तिनं खाली ठेवला. "तेरा वर्षं मी गावाला सांगत आले, येतील म्हणून. आता कोणत्या तोंडानं जाऊ? ते तुमचं काम. घरोघर जा. अन् नीट सांगा."

पहिलं घर म्हाताऱ्या कारभारीचं. तो बाजेवर विडी ओढत होता.

"सोनाजी वारला," त्रिंबक म्हणाला.

"कवा?"

"तेरा वर्षं झाली."

म्हाताऱ्यानं विडी चुरगाळून टाकली. वर पाहिलं ते रागानं की कीव करून, ते त्रिंबकला कळलं नाही. "बस," तो म्हणाला.

त्रिंबक बसला नाही. त्या दिवशीच्या सकाळपासून सांगायला लागला. अजून गावात चाळीसेक घरं होती.