हौसाची फुंकणी सायकलीच्या सीटखाली

मी हौसाची फुंकणी बोलतेय. नाकं मुरडू नका, मुरडायचा मान माझा हाय. तुमच्यापैकी कुणाच्या तोंडावर रोज सकाळी एक बाप्या बूड टेकून बसतो का? नाय ना? मग गुमान ऐका.

मी जन्मले पेणला, रामवाडीत. हायवेला एक ट्रक उलटला, त्याची लोखंडी नळी गटारात पडून राहिली. धोंडुबाई मिठागरावरून घरी चालली होती, तिनं ती पदरानं पुसून डोक्यावरच्या पाटीत टाकली. लोहारानं तिचा हातभर तुकडा तोडला, कड घासली, न् झाले मी फुंकणी. ट्रकाला राहिले असते तर गोवा बघितला असता. नशिबात चूल.

धोंडुबाईनं लेकीच्या लग्नात मला भांड्यांबरोबर बांधून दिलं. लेक म्हणजे ही हौसा. ती रोह्याकडं, वरसे गावाच्या आत डोंगराकडच्या वाडीत नांदायला आली, न् तिच्याबरोबर मी.

चुलीपुढचं आयुष्य गोड असतं असं कुणी सांगितलं तर खरं मानू नका. एक टोक निखाऱ्यात, दुसरं बाईच्या तोंडात. मला वाटलेलं, बायकांच्या तोंडाला राहायचं म्हणजे गावातलं सगळं कळेल. मिळाली थुंकी. हौसाच्या सासूची मिश्री, शेजारणीचा खोकला, कुणाच्या किडक्या दाताचा वास. शी. अजून आठवलं की नळीत कसंसं होतं.

मी पण कुणाला सोडलं नाय. फुंकता फुंकता बाईनं श्वास आत ओढला की राखेचा तोबरा तिच्या तोंडात. हौसाच्या पोराची, निलेशची बायको नम्रता नवीन आली, तिला पहिल्याच दिवशी राख चारली. हौसा खुदखुदून हसली, म्हणाली, "झाली गो ओळख."

निलेश हौसाचा एकुलता. वाढला तो असा वाढला की दारातनं वाकून जायचा तरी चौकटीवर कपाळ आपटायचा. धाटावला एका केमिकलच्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागला होता. कायम माणसांना कंपनीची बस, ठेक्यातल्यांनी आपापलं यायचं. हा चालत जायचा न् उशिरा पोचायचा. एवढे लांब पाय, पण उचलायचा कंटाळा. ठेकेदाराचा मुकादम हैबतराव, त्यानं तंबी दिली, "आता पहिल्या शिफ्टला उशीर केलास तर गेटावरनंच घरी."

घरात पगार तेवढाच एक. म्हणून सायकल पायजे झाली. पण बाजारातल्या सायकलीवर हा बसला की गुडघे हँडलला लागायचे, दोरीवर टोळ बसावा तसा दिसायचा. शेवटी रोह्यातल्या सखा सायकलवाल्यानं दोन मोडक्या सायकली कापल्या, जोडल्या, वेल्डिंग मारलं न् एक उंचच उंच सायकल केली. अर्धी हिरवी, अर्धी गंजकी. सगळं जमलं, सीटचं जमेना. सीट ज्या नळीवर बसते ती बाजारात मिळायची वीतभर, ह्याला पायजे हातभर. पाण्याची नळी आणली, ती जाड, फ्रेमीत शिरेना. बांबू ठोकला, तो बसल्याबरोबर चिरला. निलेशला चिमटा कुठं बसला ते मी सांगत नाय.

सखा सायकल घेऊन घरीच आला होता. चहा पिता पिता त्याची नजर चुलीकडं गेली. मेल्याचा चहा तोंडातच गार व्हायला पायजे होता.

"मावशी, ती फुंकणी दे जरा."

"कशाला? तुझ्या दुकानात चूल कधी आली?"

"माप घेतो फक्त."

मला उचलून फ्रेमीत घातलं, तर गेले की बरोब्बर. थोडी हलत होते, तर त्यानं तुपाच्या डब्याचा पत्रा कापून मला गुंडाळला न् वरनं ठोकलं. मला काय इचारलं नाय.

हौसा उठली. "माझ्या आयशीची हाय ती."

"आये, नोकरी जाईल," निलेश म्हणाला.

मग हौसानं जवळ येऊन बघितलं न् तिचा आवाज चढला. "हे वर कंचं टोक घेतलंस? तोंडाचं?"

"व्हय. जळकं टोक खाली. ते जळून जळून पातळ झालंय," सखा म्हणाला.

आता हौसाच्या घरात रीत अशी, की फुंकणीला पाय लागला तर हात जोडायचे, न् ठेवताना तोंडाचं टोक कधी जमिनीला लावायचं नाय. ती सखाला म्हणाली, "ज्याला माझ्या आयशीनं तोंड लावलं, सासूनं लावलं, मी लावते, त्याच्यावर ह्याचं बूड? उलटी कर."

"मावशी, जळकं टोक वजन धरणार नाय. हा बघ केवढा हाय."

"उलटी कर, नायतर इकडं आण."

सखानं उलटी केली. हौसाशी तोंडाच्या गोष्टीवर कोण भांडणार? मला तर तिच्या पाया पडावंसं वाटलं. जळक्या टोकाला बसू दे कुणालाही, त्याला कुठं चव कळते?

दुसऱ्या दिवशी निलेश पहिल्या शिफ्टला निघाला. नळावरच्या बाया हंडे भरायचं सोडून बघत राहिल्या. एक म्हणाली, "हौसाचा पोरगा माळ्यावर बसून चाललाय गो." वरसे गेलं, धाटावचा रस्ता लागला. तिथं एका खड्ड्यात चाक आदळलं न् माझं जळकं टोक पापडासारखं चुरलं. सीट उडाली गटारात. निलेश खाली आला तो सरळ माझ्यावर. पँट टर्रकन फाटली. त्याला फार लागलं नाय, पण आमची ओळख नको तेवढी झाली. ते सोसून मी तशीच उभी राहिले.

सीट बगलेत मारून, उभ्यानं पायडल हाणत तो गेटावर पोचला. भोंगा होऊन गेलेला. हैबतरावानं त्याला पुढनं बघितलं, मागनं बघितलं. "हे काय ध्यान?"

"साहेब, सीट तुटली."

"आज हसवलंस म्हणून आत घेतो. उद्या मी हसणार नाय."

संध्याकाळी सखानं माझा चुरलेला भाग करवतीनं कापला. म्हणाला, "अजून पुरंल एवढी हाय. पण ह्या अंगाला सगळी अशीच पातळ. तोंड वर घेतलं तरच टिकंल. नायतर लांब नळी पनवेलवरनं मागवायची, ती काय उद्या येत नाय."

सगळे हौसाकडं बघायला लागले. नम्रता निलेशची पँट शिवत बसली होती. ती हळूच म्हणाली, "आत्याबाई, मी पुठ्ठ्यानं वारा घालीन चुलीला."

हौसानं ती पँट बघितली. "आण ती फुंकणी इकडं."

तिनं मला तोंडाला लावलं. चूल विझलेली होती. गाल भरून तिनं असं काय फुंकलं की सगळी राख उडाली ती सखाच्या न् निलेशच्या तोंडावर. दोघं भुतासारखे उभे. आमचा दोघींचा जुना खेळ, पण ह्या वेळी हौसा हसली नाय. पदरानं माझं तोंड पुसलं न् मला सखाच्या हातात दिलं. "घे. तोंड वर कर."

"तोंडात लाकडाची खुंटी मारतो मावशी, पाणी जाणार नाय."

"तिच्या तोंडात बोळा कोंबायचा नाय. तेवढं तरी ठेव."

सकाळी आम्ही भोंग्याच्या आधी गेटावर. हैबतरावाला बघून निलेश एक पाय टेकून ऐटीत सावरून बसला. सीटचं चामडं माझ्या तोंडावर दबलं, आतला वारा कोंडला न् निघाला. फुर्रर्र.

हैबतरावानं नाकाला रुमाल लावला. "वेळेत आलास ते बरं केलंस. पण हे काय?"

"साहेब, आयशीची फुंकणी हाय ती."

"आयशीवर कशाला ढकलतोस मेल्या? जा आत."

नोकरी राहिली. मी पण राहिले, इथंच. उन्हाळ्यात ह्याचा घाम, पावसात चिखल, बाराही महिने धाटावचा तो अंड्यासारखा वास. त्यात ह्याला मुळ्याची भाजी आवडते. पुढं बोलत नाय. मिश्रीच्या थुंकीला मी नावं ठेवली, आता ती मला केवड्यासारखी वाटते.

घरात गॅस आलाय. नम्रता लायटर टिकटिकवते न् चहा होतो, फुंकायचं काम नाय. हौसाला आता धड दिसत नाय, धुरानं डोळे गेले. संध्याकाळी अंगणात बसते. वाडीच्या तोंडाशी दगडावरनं सायकल उडते, निलेश सीटवर आदळतो न् मी फुर्रर्र करते. मग ती आत तोंड करून हाक मारते, "नम्रता, चहा टाक गो, फुंकणी आली." पोराचं नाव घेत नाय. सायकल भिंतीला लागली की चाचपत येते, सीटखाली बोट घालते न् माझी कड पदरानं पुसते. निलेश म्हणतो, "आये, गिरीस लागंल." ती म्हणते, "तू मुळा खायचा बंद कर आधी."

सखा मधनं मधनं खुंटीचं बोलतो. निलेशला पण आता लोकांपुढं लाज वाटते. म्हणून तुम्हाला सांगते. रोह्याच्या रस्त्यात कधी उंच सायकल दिसली, फुर्रर्र ऐकू आलं, तर त्या बापड्याला हसू नका, नायतर तो खुंटी मारून टाकील. नाक दाबा हवं तर, मी पण दाबलं असतं. पण मला वाजू द्या. अंगणात म्हातारी कान लावून बसलीय.