तार तापली

चुंबकात कोंडलेल्या प्लाझ्माचं, म्हणजे विद्युतभारित वायूचं, पोटेन्शियल मोजणारी तार रसरशीत तापलेली असावी लागते. थंड तार कमी आकडा दाखवते. म्हणून आमच्या लॅबमध्ये तार चेंबरच्या खिडकीतून डोळ्यांनी बघितल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. नियम माझाच. तो मोडणाऱ्याला मी फाडून खायचो.

पण कंबर धरायला लागली, तसं माझं स्वतःचं खिडकीशी वाकणं बंद झालं. तार तापवणारा करंट मीटरवर दिसला की मी वहीत ‘तार तापली’ अशी खूण करून मोकळा व्हायचो.

सहा महिन्यांपूर्वी माझी विद्यार्थिनी म्हणाली होती, “सर, माझ्या गणितापेक्षा आकडे कमी येताहेत. तार बघू या का?”

“आधी तुझं गणित बघ,” मी खेकसलो होतो.

आज चेंबर उघडला. तार तुटलेली होती आणि तुटक्या टोकांवर कित्येक महिन्यांची जुनी काजळी. आधाराच्या चिनीमातीवर धातूचा थर चढला होता. करंट त्यातूनच वाहत होता.

तेवढ्यात ती धावत आली. मी तार मुठीत लपवली.

“सर, तुमचंच खरं होतं! सहा महिने गेले, पण माझ्या गणितातली चूक सापडली. आता तुमच्या आकड्यांशी तंतोतंत जुळतंय.”