काचेची पेटी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच आठवड्यात ज्ञानदा मेस्त्रीच्या मांडीचे हाड मोडले. फुलपाड्याच्या वळणावर रिक्षा कलंडली आणि आत बसलेल्या तिघींपैकी नेमकी तीच खाली सापडली. प्लास्टर कमरेपासून पावलापर्यंत होते. घर फुलपाड्यालाच, तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. फेब्रुवारी संपेपर्यंत जिना उतरण्याचे नाव काढू नका, असे डॉक्टरांनी बजावले.

ज्ञानदा वसईतल्या माणिकपूरच्या आमच्या तांत्रिक विद्यालयात नववीला होती आणि मी, दिनानाथ चुरी, तिचा ड्रॉइंगचा शिक्षक होतो. तंत्रनिकेतनातून पदविका घेतल्यावर मी काही वर्षे एका कारखान्याच्या आरेखन विभागात काढली आणि नंतर शाळेत आलो. हे सारे घडले त्या २००७ च्या हिवाळ्यात माझी निवृत्ती जवळ आली होती.

इतर विषयांत ज्ञानदाचे अडणार नव्हते, कारण वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये होती. ड्रॉइंगचे मात्र तसे नव्हते. या विषयाचे गुण वर्षभराच्या शीट आणि दर पंधरवड्याच्या चाचण्या यांवरच ठरत. शीट मार्चमध्ये काढून घेता आल्या असत्या. चाचण्या बुडाल्या, तर विषय बुडाला आणि विषय बुडाला, तर तांत्रिक शाखाच सोडावी लागली असती. तिला पुढे तंत्रनिकेतनात जायचे होते. तिच्या आई शाळेत येऊन गेल्या तेव्हा एवढेच म्हणाल्या, "सर, पाय दुखतो म्हणून ती रडत नाही. शाखा जाईल म्हणून रडते."

मार्ग सुचवला तो विनया राऊत यांनी. त्या नालासोपाऱ्याहून येत आणि संगणक शिकवत. त्या वर्षीच शाळेच्या संगणक कक्षात ब्रॉडबँड आले होते आणि एका विनामूल्य संकेतस्थळावर त्यांनी नववीच्या वर्गासाठी एक पान तयार केले होते.

"सर, ज्ञानदाच्या घरी कम्प्युटर आहे, नेटही आहे. आपली चाचणी मी तिला तिकडेच देते."

"देते म्हणजे? पोस्टाने?"

"सर, काय हो तुम्ही! प्रश्न पानावर टाकायचे. मुलं इथे बसून सोडवतील, ती घरी बसून सोडवेल. वेळ एकच. तपासणार यंत्र."

"यंत्राला ड्रॉइंग काय कळतं?"

"काही कळत नाही. तुम्ही सांगाल तेवढंच कळतं. म्हणून तर प्रश्न तुम्ही काढायचे."

मी प्रश्न काढू लागलो. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, त्यांपैकी एक बरोबर आणि उरलेले तीन असे की, मूल जिथे घसरते तिथलेच. आकृत्या मी शाईने काढून देत असे आणि विनयाबाई त्या स्टेशनजवळच्या फोटो स्टुडिओतून स्कॅन करून आणत. फुलपाड्याची वीज सकाळी जायची, आमची दुपारी. दोन्हीकडे वीज असेल तो मधला वेळ चाचणीसाठी राखून ठेवावा लागे. संगणक कक्षाच्या दारात झाडलोट करणाऱ्या धोंडूबाईंचा पहारा असे.

"गुर्जी, चपला भायेर. लादी अजून वली हाय."

"धोंडूबाई, मी या शाळेत तुमच्याआधीपासून आहे."

"आसाल. पन ह्या खोलीत मी तुमच्या आदीपासून हाय."

पहिल्या तीन चाचण्या झाल्या आणि मला एक नवीच गोष्ट मिळाली. वह्यांचा गठ्ठा तपासताना मला एकेक मूल दिसे. इथे पडद्यावर एकेक प्रश्न दिसू लागला. प्रमाणपट्टीचा एक प्रश्न अर्ध्या वर्गाने चुकवला होता, आणि चुकीचा पर्यायही सगळ्यांचा एकच होता. दुसऱ्या दिवशी मी तेवढाच भाग पुन्हा शिकवला. इतकी वर्षे शिकवून आपले शिकवणे नेमके कुठे सांडते ते मला असे कधी दिसले नव्हते. विनयाबाईंचे मी मनापासून आभार मानले. त्या हसून म्हणाल्या, "आभार नंतर. आधी माउस सरळ धरा, उलटा धरलाय."

ज्ञानदाला तिन्ही चाचण्यांत नऊच्या खाली गुण नव्हते आणि अडचण तिथूनच सुरू झाली.

आमचे मुख्याध्यापक युजीन लोपीस हे वसईच्याच एका जुन्या गावचे, सरळ आणि कडक गृहस्थ. त्यांनी मला आणि विनयाबाईंना कार्यालयात बोलावले.

"चुरी सर, या मुलीचा भाऊ काय करतो?"

"संकेत. मुंबईला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे."

"आणि कम्प्युटर कुणाचा?"

"त्याचाच."

"मग? घरात इंजिनिअर बसलाय. मुलगी प्रश्न वाचते, भाऊ उत्तर सांगतो. तुम्हाला इथून काय दिसतं?"

"काही दिसत नाही, सर. पण चाचणीच्या वेळी तो कॉलेजात असतो, असं तिची आई सांगते."

"आई सांगणारच. माझी आईसुद्धा मी चर्चमध्ये मिस्साला गेलोय म्हणून सांगायची, आणि मी असायचो तलावावर. मी मुलीला खोटं म्हणत नाही. उद्या दुसऱ्या पालकाने विचारलं, तर मी काय दाखवू, एवढंच विचारतो."

पुढची चाचणी होईपर्यंत थांबू, असे ठरले.

ती चाचणी प्रक्षेपणाची होती. म्हणजे एखादी वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसते, ती तीन दृश्ये कागदावर ठरलेल्या जागी मांडायची. नववीच्या ड्रॉइंगचा हा कणा. या चाचणीत वर्गाची सरासरी सात आली. ज्ञानदाला दहापैकी शून्य मिळाले.

लोपीस सरांना आनंद झाला नाही, हे मी त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या दिवशी भाऊ खरंच कॉलेजात असणार. सोमवारी गुण फलकावर लागतील, चुरी सर. या चारही चाचण्यांपुढे गैरहजर लिहावं लागेल. माझा नाइलाज आहे."

विनयाबाई कार्यालयाबाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "नऊ, दहा, नऊ आणि एकदम शून्य. सर, मलाच आता शंका येते."

मला वेगळेच खटकत होते. चार पर्यायांतून डोळे मिटून बोट ठेवले, तरी दहांत दोन-तीन उत्तरे बरोबर येतात. शून्य मिळवायला काहीतरी पद्धत लागते. मी म्हणालो, "बाई, तिने कुठल्या प्रश्नाला कुठला पर्याय निवडला, ते यंत्र दाखवतं ना? मला सगळे दाखवा."

आम्ही चपला काढून संगणकापुढे बसलो. विनयाबाई एकेक प्रश्न उघडत गेल्या आणि मी माझ्या मूळ आकृत्या शेजारी ठेवून पडताळत गेलो. पहिल्या प्रश्नात तिने निवडलेल्या पर्यायातली तिन्ही दृश्ये अचूक होती. आतल्या भोकाच्या तुटक रेषासुद्धा जागच्या जागी होत्या. चूक एकच होती. वरचे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली हवे, ते तिने वर घेतले होते. दुसऱ्या प्रश्नातही तेच. तिसऱ्यात डाव्या बाजूचे दृश्य उजवीकडे हवे, तर ते डावीकडे. शेवटच्या प्रश्नापर्यंत एकदाही तिचा हात चुकला नव्हता. दहाही वेळा दृश्ये बरोबर आणि दहाही वेळा जागा उलट.

"राऊत बाई, हा धडा तिने कशावरून शिकला?"

"तुमच्या आकृत्या स्टुडिओतून वेळेत आल्या नाहीत, सर. म्हणून मी तिला एक बाहेरच्या देशातलं पान दिलं होतं. फार छान आहे. हलती चित्रं आहेत. दाखवू?"

पडद्यावर एक लोखंडी ठोकळा आला. त्याच्याभोवती काचेची पेटी उभी राहिली. ठोकळ्याचे प्रत्येक अंग समोरच्या काचेवर उमटले आणि मग पेटीच्या भिंती बिजागरीवर फिराव्यात तशा उघडून सपाट झाल्या. वरची काच वर गेली आणि डावी काच डावीकडे.

मी खुर्चीत मागे टेकलो. इतके सुंदर शिकवणे मी कधी पाहिले नव्हते आणि ते आमच्या अभ्यासक्रमाच्या बरोबर उलट होते.

"बाई, दृश्यं मांडायच्या दोन रीती आहेत. आपण ज्या रीतीने शिकवतो तिच्यात वरून दिसतं ते खाली काढतात. काही देशांत तेच वर काढतात. कारखान्यात असताना परदेशी यंत्रांची ड्रॉइंगं यायची, ती अशीच असायची. या पानाने तिला ती दुसरी रीत शिकवली."

"अरे देवा. म्हणजे चूक माझी."

"थांबा हो, चूक राहू द्या. मला सांगा, संकेतने ही उत्तरं सांगितली असती, तर त्याने कुठली रीत धरली असती?"

विनयाबाईंनी माझ्याकडे पाहिले. "तुमचीच. त्याला कॉलेजात हीच शिकवली असणार."

"पहिल्या वर्षाला शेकडो शीट काढल्यात त्याने. झोपेतसुद्धा दहाच्या दहा वेळा उलटं मांडणार नाही. आणि आपल्या वर्गातलं कुणी सांगितलं असतं, तरी हे झालं नसतं. ही चूक फक्त एकटीनं बसून, या पानावरून, नीट समजून घेतलेल्या मुलीचीच होऊ शकते."

त्याच पावली आम्ही लोपीस सरांना कार्यालयातून संगणकापुढे घेऊन आलो. त्यांनी दहाही आकृत्या पाहिल्या आणि काचेची पेटी उघडताना दोनदा पाहिली.

"म्हणजे चुरी सर, शून्य गुण हा तुमचा पुरावा?"

"होय, सर. तिला आठ मिळाले असते, तर माझ्याजवळ काहीच नसतं."

"तीस वर्षांत मुलांनी माझ्यापुढे नाना तऱ्हेचे पुरावे आणले. नापास होऊन निर्दोष सुटणारी ही पहिलीच." मग ते गंभीर झाले. "ठीक. आधीच्या तिन्ही चाचण्या मी मान्य करतो. चौथी तिने पुन्हा द्यावी. आपली रीत तिला शिकवा. आणि त्या वेळी मी स्वतः तिच्या शेजारी बसेन. तिच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. यापुढे कुणी विचारलं, तर 'मी पाहिलंय' असं मला म्हणता यावं म्हणून."

शनिवारी मी पुठ्ठ्याचे एक खोके कापून त्याच्या भिंतींना कापडी पट्टीच्या बिजागऱ्या लावल्या. आमच्या रीतीत वस्तू भिंतीच्या अलीकडे असते आणि तिचे चित्र मागच्या भिंतीवर पडते, त्यामुळे भिंती उलट्या बाजूंना उघडतात. विनयाबाईंनी टप्प्याटप्प्याने त्याची छायाचित्रे घेऊन वर्गाच्या पानावर टाकली आणि दोन बोटांनी टंकत मी त्यांखाली मराठीत ओळी लिहिल्या. त्या ओळी लिहायला मला पूर्ण शीट काढण्याइतका वेळ लागला. संध्याकाळी ज्ञानदाच्या आईंचा फोन आला. "सर, तिने खोकं कापायला घेतलंय. घरभर पुठ्ठा झालाय. रागावू की नको?"

"मुळीच नको," मी म्हणालो.

सोमवारी लोपीस सर रिक्षाने फुलपाड्याला गेले. विनयाबाई आणि मी संगणक कक्षात बसलो. धोंडूबाई झाडू घेऊन आमच्या मागे उभ्या राहिल्या. "ती पोर हितं दिसते काय?" त्यांनी विचारले.

"ती नाही दिसत, मावशी. तिची उत्तरं दिसतात," विनयाबाई म्हणाल्या.

पहिले उत्तर आले. वरचे दृश्य खाली होते. विनयाबाईंनी माझा दंड घट्ट धरला आणि लगेच ओशाळून सोडला. दुसरे, तिसरे, चौथेही बरोबर आले. सातव्या प्रश्नाला फार वेळ लागला आणि ते चुकले. मला त्याचेही बरे वाटले, कारण तो प्रश्न खरोखर अवघड होता. शेवटी पडद्यावर नऊ हा आकडा आला. धोंडूबाई म्हणाल्या, "झाली ना पास? मग उठा, मला लादी पुसायची हाय." आणि त्या पदराने डोळे पुसत बाहेर गेल्या.

दुपारी लोपीस सर परतले. हातात मेस्त्रीबाईंनी दिलेल्या घावनांचा डबा होता.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले, "आणि डोकं खाणारी आहे. चाचणी संपली तशी मलाच विचारते, 'सर, दोन रीती कुणी ठरवल्या? सगळ्यांनी मिळून एकच का नाही ठरवली?' मी म्हटलं, चुरी सरांना विचारून सांगतो. सांगा आता."

दोन रीती आहेत, हे मला कॉलेजपासून ठाऊक होते. त्या दोन का आहेत, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता, आणि इतक्या वर्षांत मला तो कुणी विचारलाही नव्हता. निवृत्तीच्या उंबरठ्यावर एका विद्यार्थिनीने मला पुन्हा विद्यार्थी केले होते. ज्या तारेवरून तिची उत्तरे आली, त्या तारेमुळेच हा प्रश्न माझ्यापर्यंत आला होता. विनयाबाई नसत्या आणि त्यांनी दिलेले ते चुकीचे पान नसते, तर हा प्रश्न मला कधीच मिळाला नसता.

"राऊत बाई," मी म्हणालो, "ते शोधायचं कसं असतं, ते मला शिकवा."

त्यांनी स्वतःची खुर्ची मला दिली आणि त्या शेजारच्या स्टुलावर बसल्या. मी माउस सरळ धरला.