बरणीतली आई

गुरुवारी कनेरगाव नाक्यावर एसटी थांबली की निम्मी गाडी तिथंच रिकामी व्हायची. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काचेची बरणी. कुणाची लोणच्याची, कुणाची बिस्किटांची, कुणी तर दुकानदाराला गळ घालून गोळ्या-चॉकलेटची भली मोठी आणलेली. धाब्यामागच्या पत्र्याच्या शेडपुढं रांग लागायची आणि शेडमध्ये, तांब्याच्या परातीमागं, भगव्या कफनीतले अमृतगिरी बाबा बसलेले असायचे.

परातीत ती असायची. आई. भाकरीएवढी, पांढुरकी, बुळबुळीत चकती. बाबा ती दोन्ही हातांवर उचलून धरत. तिच्यातून पाणी ठिबकायचं आणि बाया पदर पसरून ते थेंब झेलायच्या.

"देखो, देखो! ये माँ है माँ! चाय पिती है, शक्कर खाती है, आणि आठ दिवसांत लेकरू जनते! नवरा न्हाई, दाई न्हाई, बरणीत लेकरू! हाय कोण्या डॉक्टरात हिंमत?"

"न्हाई, न्हाई!" गर्दी ओरडायची.

गावातल्या बायांपुढं ती 'आई' असायची. तांड्यावरच्या बाया आल्या की बाबा तिला 'याडी' म्हणायचा, त्यांच्या बोलीतली आई. गिऱ्हाईक बघून देवाचं नाव बदलायचं, ही त्याची हुशारी. त्या आंबट पाण्यानं वात जायचा, दमा जायचा, साखर जायची, कोर्टातली केससुद्धा सुटायची. बाबाचा स्वतःचा मोतीबिंदू तेवढा त्या पाण्यानं गेला नव्हता. त्यासाठी तो गुपचूप वाशिमला जाऊन ऑपरेशन करून आला होता.

मी ज्योती. नाक्यावरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवते. माझं तोंड फटकळ आहे, हे अख्खा नाका जाणतो. हिंगोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, त्या दिवसांतली ही गोष्ट. ती सांगताना आजही माझा आवाज चढतो आणि मग मधेच बसतो. चालवून घ्या.

बाबाची रीत अशी. गोड काळा चहा उकळून गार करायचा, त्यात आईला सोडायचं, वरून फडकं बांधून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायचं. आठवड्यानं चहा आंबट होतो, बुडबुडे येतात, वर दुसरी चकती धरते. बुडबुडे म्हणजे आईचा श्वास, चकती म्हणजे लेकरू. मग त्या पाण्यात बाबाकडची 'हिमालयातली संजीवनी' टाकायची. फिकट हिरवी, कागदी पाकळ्यांची, बोटाच्या पेराएवढी वाळकी फुलं. ती चोळली की पिवळी पूड बोटांना चिकटायची. त्यांनी पाणी कडसर, सुवासिक व्हायचं आणि झोपताना प्यालं की झोप छान लागायची. बाबाचा शेवटचा इशारा मात्र दरवेळी तोच, "ज्या घरात पाप, त्या घरात माँ सडते!"

दिपा माझ्या वर्गातली. तांड्यावरच्या जगन आणि मिराबाईची एकुलती एक पोर. बोलकी, हट्टी, फळ्यावरचं पुसायला सगळ्यांच्या आधी धावणारी. तिला लहान वयातला मधुमेह होता. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नव्हतं, ते सुईनं द्यावं लागायचं, सकाळ-संध्याकाळ. हिंगोलीच्या डॉक्टर धम्मानंदांनी मिराबाईला सुई द्यायला शिकवलं होतं. घरात फ्रीज कुठला? औषधाची बाटली ती माठाखालच्या ओल्या वाळूत पुरून ठेवायची. जगन ऊसतोडीला गेला की सगळं तिच्या एकटीवर.

"बाई, आपल्याच लेकराला टोचायचं, रोज," ती मला म्हणायची. "ते रडत न्हाई, दातओठ खातं. त्याच्यानं जास्त तकलीफ व्हते. रडलं असतं तर बरं."

अशा आईला कुणी म्हणालं, 'सुई सुटेल', तर ती काय करेल? तिनं बरणी नेली.

मी तांड्यावर जाऊन बजावून आले. "मिराबाई, पाणी पाजायचं तर पाज, पण तेही नको. त्यात साखर उरलेली असते. आणि सुई एक दिवससुद्धा चुकवू नकोस."

"न्हाई वो बाई. सुई काहून सोडीन मी?"

पण बाबानं तिला गाठलं होतं. "एक घर में दो माँ नहीं रहती, बेटी. सुईवर भरोसा असंल तर मला काहून तरास देता? परीक्षा हाय तुझी!" दिवाळीच्या सुट्टीत मी माहेरी साखऱ्याला गेले आणि इकडं मिराबाईनं सुई बंद केली.

शाळा उघडली, दिपा आली नाही. मी दुपारीच तांडा गाठला. घरापुढं बायांची गर्दी, गाणी चाललेली. आत दिपा पडलेली, कपाळभर हळद-कुंकू, डोळे अर्धवट मिटलेले. छाती भात्यासारखी खालीवर होत होती.

मिराबाई धावत आली. तिचा चेहरा उजळला होता. तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"बाई, या, या! याडी उतरली माझ्या दिपाच्या अंगात! बाबानं सांगितलं व्हतं, अशी झोप लागंल. तोंडाला वास बघा, याडीचाच वास येऊन राहिला!"

मी वाकले. खरंच वास येत होता. पिकून उतरलेल्या फळासारखा गोड. बरणीतल्या पाण्यालाही तसाच आंबूस गोड वास होता. बिचाऱ्या मिराबाईनं दोन्ही वास एकच धरले. पण डॉक्टरांनी मला मागंच सांगून ठेवलं होतं: इन्सुलिन तुटलं की रक्तात विष साचतं, तोंडाला फळाचा वास येतो, श्वास खोल होतो, गुंगी येते. तसं दिसलं तर एक मिनिट थांबू नका.

"अगं, देवी कसली! मरून राहिली पोरगी! उचल तिला!" मी किंचाळले.

काळीपिवळी जीप मिळाली. मिराबाईनं लेकराला मांडीवर घेतलं. ती वाटभर तळवे चोळत होती आणि "दिपा, शाळेची बाई आली बघ, ऊठ" म्हणत होती. हिंगोलीची घरं दिसायला लागली तेव्हा छातीचा भाता थांबला. डॉक्टर धम्मानंदांनी जीपमध्येच चढून तपासलं. "जरा आधी..." एवढंच म्हणाले आणि तोंड फिरवून उभे राहिले. मी तिथं, भर रस्त्यात, मोठ्यानं रडले. लाज कसली?

एवढ्यावर संपलं असतं तर मी बाबाला शिव्या देऊन गप्प बसले असते. पण हा माणूस तिसऱ्या दिवशी तांड्यावर आला. मिराबाईची बरणी उघडली. आईवर काळी-हिरवी बुरशी दाट चढली होती.

"देखो! हिच्या घरात माँ सडली! हिच्या मनात पाप होतं, म्हणून माँनं लेकरू नेलं!"

झालं. बाया तिच्या ओट्यावर यायच्या बंद झाल्या. तांड्याचा नायक रतनसिंग एरवी शहाणा माणूस, पण तोही मान खाली घालून निघून गेला. जगन ऊसतोडीवरून परतला, तो तिच्याशी बोलेना. मी गेले तेव्हा ती दाराशी बसली होती.

"मी पापीण हाय, बाई. माझ्या मनात कायतरी काळं असंल. मला दिसत न्हाई, पण असंल."

लेकरू तर गेलंच होतं. आता ही बाई, जिनं दोन वर्षं रोज हुंदका गिळून सुई दिली, ती स्वतःला पापीण समजून जन्मभर कुजणार होती. त्या दिवशी मी ठरवलं, या बरणीचा सोक्षमोक्ष लावायचा.

शाळेमागं राहणारी पद्माबाई आधी बाबाच्या रांगेत उभी राहून आली होती. तिला विचारलं तर म्हणाली, "माझी आई? हौसेनं आणली, मग विसरले. चुलीमागं पडून हाय. मेली ढीगभर वाढली!"

"पूजा?"

"कशाची पूजा आन् काय! येळ कोणाला हाय?"

भक्ती नाही, नैवेद्य नाही, आणि आई मात्र धष्टपुष्ट! मी तिच्याकडून दोन चकत्या आणि थोडं जुनं आंबट पाणी आणलं. शाळेच्या कपाटात दोन बरण्या मांडल्या. एकीत गार गोड चहात चकती जुन्या आंबट पाण्यासकट सोडली. रोज सकाळी कपाट उघडून मी तिला यथेच्छ शिव्या घालायची. खोटं नाही सांगत, "भवाने, माझी पोर खाल्लीस" इथपासून सुरुवात. ती छान वाढली. तिला लेकरूही झालं.

दुसऱ्या बरणीचं काय करायचं ते मला मिराबाईकडून कळलं. मी तिला सहज विचारलं होतं, "तू आईचं काय काय करायचीस?"

"जे देवाचं करतात तेच. सकाळी आंघोळ घालायची चांगल्या पाण्यानं, हळद-कुंकू लावायचं, मग परत नवीन चहात ठेवायची."

मी दुसऱ्या चकतीला तशीच रोज आंघोळ घातली, रोज नवीन चहात ठेवली. आठवड्याच्या आत तिच्यावर बुरशी चढली, तीच काळी-हिरवी.

मग गुरुवार उजाडला. डॉक्टर धम्मानंद दवाखाना बंद ठेवून आले. मी हट्टानं मिराबाईला आणि नायकांनाही आणलं, जगन मागोमाग आला. बाबानं परातीतली आई वर उचलली होती, तेवढ्यात मी दोन्ही बरण्या त्याच्यापुढं ठेवल्या.

"ही शिव्या खाऊन वाढली, बाबा. आणि ही पूजा करून सडली. पाप कोणत्या बरणीत आहे, सांगा बरं?"

"नास्तिक बाई! माँ का अपमान..."

"थांबा हो!" मी गर्दीकडं वळले. "बायांनो, दही लावताना विरजण कुणी धुवून घेतं का?"

बाया हसल्या. "येडी का काय बाई? मंग दही लागंल कसं?"

"ही चकती तसंच विरजण आहे. डोळ्यांना न दिसणारे जीव आहेत हे, आंबील आंबवतात तसे. साखर खातात, हवा सोडतात, तेच बुडबुडे. चकती म्हणजे दह्यावर साय धरावी तसं त्यांचं घर. जुन्या पाण्याचा आंबटपणाच बुरशीला लांब ठेवतो. तो धुतला की संपलं. आता खरं सांगा, तुमच्यातल्या कुणी कुणी आईला आंघोळ घातली?"

मग एक हात वर झाला, मग आणखी काही.

"आणि सडली कुणाकुणाची?"

तेच हात वरच राहिले. ज्यांनी जीव ओतून सेवा केली त्यांचीच सडली होती आणि त्यांनाच हा माणूस पापी म्हणत होता. मिराबाईचा हात सगळ्यात मागं वर होता.

डॉक्टरांनी संजीवनीचं फूल चोळून नाकाला लावलं. "हे हॉप्स. औरंगाबादला शिकत असताना बिअरच्या कारखान्यात कामगारांच्या तपासणीला जायचो, तिथं याची पोती असायची. बिअर कडू करायला टाकतात. यानं थोडी सुस्ती येते. अहो, सुस्ती म्हणजे बरं होणं नाही. आणि त्या सुस्तीची सवय झालेल्या घरात दिपाची खरी गुंगी कुणाला ओळखूच आली नाही."

लोक परातीकडं सरकले. त्या गोंधळात बाबा मागच्या पत्र्यातून निसटला. आम्ही पोलिसांत तक्रार दिली. पुढं कुणी त्याला वारंगा फाट्यावर पाहिलं म्हणतात. असेल. असे लोक दुकान बंद करत नाहीत, गाव बदलतात.

मला वाटलं, मिराबाई सुटली. ती पुढं आली आणि तिनं विचारलं, "बाई, म्हंजे मी पापीण न्हाई?"

"नाहीस गं. मुळीच नाहीस."

"याडीनं न्हाई नेलं दिपाला?"

"नाही."

"मंग कशानं गेली?"

बाबाचं खोटं पाडताना मला हा प्रश्न दिसलाच नव्हता असं नाही. मी तो बघायचं टाळलं होतं. मी डॉक्टरांकडं बघितलं.

"खरं सांगा," ती म्हणाली. "बाबानं खोटं सांगितलं. तुमी बी खोटं सांगाल तर मी कुठं जाऊ?"

"सुई बंद झाली म्हणून गेली, मिराबाई."

ती मटकन खाली बसली. जगन गर्दीतून आला आणि तिच्याशेजारी मातीत बसला. मग तिनं डोळे पुसले आणि पुढ्यातल्या म्हाताऱ्या ग्यानोबाला विचारलं, "बापू, साखरेच्या गोळ्या खाता का?"

"बंद केल्या, बाई. बाबानं..."

"आज चालू करा. घरी गेल्या गेल्या."

मग ती उठली. रांगेतल्या एकेकासमोर उभी राहून तेच विचारत गेली. तुमचं कोणतं औषध बंद हाय? तुमचं? लेकराचं? आणि लोक सांगत गेले. दम्याचं, फिटचं, टीबीचं. ऐकताना डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

त्यानंतर मी कितीतरी सभांमधून हे प्रयोग दाखवले. देवावरचा विश्वास मी कुणाचा काढून घेत नाही. फक्त म्हणते, चमत्कार दाखवणाऱ्याला आधी दहा प्रश्न विचारा, आणि आजारी माणसाचं औषध त्याच्या शब्दाखातर कधीही तोडू नका. पण माझं शिकलेलं बोलणं लोक कधी ऐकतात, कधी नाही.

मिराबाईचं ऐकतात. कुठं कुणी औषध सोडलं असं कानावर आलं की ती त्या घरी जाऊन बसते. भाषण करत नाही. पाणी पिते आणि म्हणते, "इचारा. बाबाला इचारा, डॉक्टरला इचारा, बाईला इचारा. मी कोणालाच इचारलं न्हाई."