रिकामं आहे, बघ

मित्रांनो, मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे. माझे नाव ऐकून तुमच्यापैकी काही जण दचकले असतील. दचकणे योग्यच आहे. तरीही माझी गोष्ट शेवटपर्यंत ऐका, कारण ती मारामारीची नाही. ती एका म्हाताऱ्याच्या सवयीची आहे आणि त्याच्या मुलीने कधीच न दिलेल्या एका उत्तराची आहे.

म्हाताऱ्याचे नाव आल्विन ड्रायलिंग. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याच्या पश्चिम भागात, गव्हाच्या शेतांत त्याचे एकटे घर होते. त्याच्या आयुष्यातला शेवटचा साधा दिवस शनिवार होता. सकाळी कॉफी पिऊन झाल्यावर त्याने मला पत्र्याच्या पेटीतून बाहेर काढले, गोळ्या बसतात ती माझी चक्री उघडून आत नीट पाहिले आणि म्हणाला, "चल, आज तुझा जुळा भाऊ शोधायचाय."

जुळा भाऊ हवा होता शेजारच्या वर्नेटाला. शेजारच्या म्हणजे मधले एक शेत ओलांडून राहणाऱ्या. तिचा नवरा लिओ गेल्यापासून ती आणि तिच्या कोंबड्या एवढाच तिचा संसार. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी एक पिसाळलेला स्कंक, म्हणजे मांजराएवढा काळापांढरा, घाण वास सोडणारा प्राणी, तिच्या अंगणात शिरला होता. लाळ गाळत तो कोंबड्यांच्या खुराड्याभोवती फिरत होता आणि वर्नेटा स्वयंपाकघरात अडकली होती. शेरीफच्या पोलिसाला यायला पाऊण तास लागणार होता. तेव्हा आल्विन मला घेऊन घरातल्या चपलांवरच धावत गेला. त्या दिवसापासून तो तिच्यासाठी माझ्यासारखेच एखादे वापरलेले, परवडणारे रिव्हॉल्व्हर शोधत होता.

उन्हाळ्यात जिथे वासरांची स्पर्धा भरते, त्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये बंदुकांचा बाजार भरला होता. आल्विन वर्नेटालाही गाडीत घालून घेऊन आला होता. दारावरच्या माणसाने माझ्या उघड्या चक्रीतून प्लॅस्टिकची एक पट्टी ओवून घट्ट ओढली. गिऱ्हाइकांनी आत आणलेल्या प्रत्येक बंदुकीला ती बांधतात, म्हणजे आत कोणी ती चालवू शकत नाही.

"आल्विन! अजून आहेस होय रे?" तो म्हणाला.

"बायबलची शेवटची पानं राहिलीत. शेवट कळल्याशिवाय कसा जाऊ?"

आत टेबलांच्या रांगा होत्या. माझ्यासारखेच एक आल्विनला दुसऱ्याच रांगेत दिसले. त्याने चिठ्ठीवरची किंमत वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"सहाशे डॉलर? हे रिव्हॉल्व्हर आहे का गाय?"

"गाय महाग पडेल," दुकानदार म्हणाला. "पण गायी अजून जन्माला येतात, आजोबा. ही येत नाहीत."

पुढच्या टेबलावर एक स्वस्त मिळाले. आल्विनने घोडा मागे ओढून धरला आणि चक्री बोटाने हलवून पाहिली. मग तिच्यामागे पांढरा कागद धरून फट किती दिसते ते बघितले. शेवटी मान हलवली.

"जुन्या दातासारखी हलतेय. गोळी नळीत सरळ जाणार नाही."

"अरे, मीही तशीच हलते," वर्नेटा म्हणाली. "घेऊन टाक."

"तू हललीस तर कोणाचा डोळा जात नाही, वर्नेटा."

मग एका तरुण विक्रेत्याने तिला नवे पिस्तूल दाखवले. ते खरोखर स्वस्त होते. "फक्त वरचा भाग असा मागे ओढायचा, आजी," तो म्हणाला. वर्नेटाने ओढून पाहिला. तिच्या बोटांचे सांधे संधिवाताने गाठीगाठींचे झाले आहेत. भाग अर्ध्यावर आला आणि सुटला. तिने पुन्हा एकदा प्रयत्न केला, मग हसली आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. आल्विनने ते खिसे पाहिले आणि पिस्तूल विक्रेत्याकडे परत सरकवले.

जाता जाता एका माणसाने मला हातात घेऊन पाहिले. माझ्या झिजलेल्या अंगावरूनच माझा चाप दाबायला किती हलका असेल हे त्याने ओळखले. "हेच विका की. म्हणाल ती किंमत देतो."

"हे माझ्या मुलीचं आहे," आल्विन म्हणाला.

बाहेर आल्यावर वर्नेटाने त्याला टोचले, "मार्सियाचं? ती तर याच्याकडे बघतसुद्धा नाही."

"म्हणूनच," आल्विन म्हणाला. आणि दोघे गाडीत बसून चर्चच्या बायकांनी विकायला ठेवलेले बिरॉक खाऊ लागले. कोबी आणि खिमा भरलेले ते गरम पाव त्याला फार आवडत. चुरा माझ्या पेटीवर सांडला.

मित्रांनो, आता माझ्याविषयी थोडे सांगतो. माझा जन्म दूर पूर्वेकडच्या एका कारखान्यात, नदीकाठी झाला. कारागिरांनी पोलाद कापून, घासून, निळसर काळ्या रंगात बुडवून मला घडवले. तिथून मी एका शहराच्या पोलीस खात्यात गेलो. अनेक वर्षे एका शिपायाच्या कमरेला कातडी म्यानात लटकलो. म्यानातून आत बाहेर होऊन माझ्या नळीच्या टोकाचा रंग उडाला. तो मला दर महिन्याला सरावासाठी मैदानावर नेई आणि कागदी चित्रांवर गोळ्या झाडी. माणसावर मला कधी रोखावे लागले नाही. निवृत्त होताना त्याने मला टेबलावर ठेवले आणि क्षणभर हात माझ्यावरच राहू दिला. एवढेच माझे कौतुक.

मग पोलिसांना नवी पिस्तुले मिळाली. आमच्यासारख्यांना खोक्यांत भरून घाऊक विकून टाकले. तेव्हा आम्हाला कोणी विचारत नव्हते. आल्विनने मला एका दुकानातल्या खोक्यातून, भावंडांच्या ढिगातून निवडून काढले तेव्हा मी अगदी थोडक्या पैशांत मिळालो. आज तेच लोक आम्हाला शोधत फिरतात. सरावाने झिजून माझा चाप मऊ झाला आहे, आणि आता त्याच झिजेला किंमत आली आहे.

आल्विनकडे मी फारच कमी वेळा चाललो. एकदा पाय मोडलेल्या कालवडीसाठी आणि एकदा त्या स्कंकसाठी. कालवडीच्या दिवशी आल्विन जेवला नाही.

त्याची एक रीत होती. मला कोणाच्याही हातात देताना तो आधी माझी चक्री उघडे, गोळ्यांची सहाही घरे समोरच्याला दाखवी आणि म्हणे, "रिकामं आहे, बघ." समोरच्याने आत बघून "बघितलं" म्हटल्याशिवाय तो मला सोडत नसे. लिओ हसायचा, पण म्हणायचा. गावातला पाद्रीसुद्धा एकदा म्हणाला होता.

एकटी मार्सिया कधी म्हणाली नाही. ती त्याची एकुलती एक मुलगी. डेन्व्हरला शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवते. दर थँक्सगिव्हिंगच्या सणाला, जेवणानंतर भांडी आवरून झाली की आल्विन पेटी टेबलावर आणून ठेवी आणि चक्री उघडून तिच्यापुढे धरी. ती खिडकीकडे तोंड करी.

"डॅड, नको ना."

"आवडून घे म्हणत नाही मी, पोरी. नुसतं बघ. घरात असलेली वस्तू भरलेली आहे का रिकामी, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. न बघता घाबरू नये आणि न बघता विश्वासही ठेवू नये."

ती बघत नसे. तो थोडा वेळ हात तसाच धरून ठेवी. मग चक्री मिटून मला पेटीत ठेवी.

त्या शनिवारी संध्याकाळी तिचा नेहमीप्रमाणे फोन आला. आल्विनने तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर आवाज मोठा करून ठेवला आणि बोलता बोलता मला तेल लावू लागला.

"मग? मिळालं का वर्नेटा आंटीला?"

"छे. सगळ्यांना वेड लागलंय. आणि जे तिला परवडतं ते तिच्या हातांना झेपत नाही."

"बरं झालं नाही मिळालं ते. तिला फोन घेऊन दे चांगला."

"फोनने स्कंक पळत नाही, बाई. मी करून पाहिलंय."

ती हसली. मनाविरुद्ध, पण हसली. मग तो म्हणाला, "थँक्सगिव्हिंगला येतेस ना? यंदा एकदा बघून टाक. मग मी पुन्हा विचारणार नाही."

"डॅड, पुन्हा सुरू नको करूस."

"बरं. कोट घालत जा, तिकडे गारवा असेल."

"घालते. ठेवते आता."

त्याने फोन ठेवला, माझ्या नळीवरून फडके फिरवले आणि मला पेटीत ठेवून कुलूप लावले. त्याचा हात माझ्यावरून फिरला तो शेवटचा.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चर्चला निघताना आल्विन अंगणातच, दार आणि गाडी यांच्यामध्ये पडला. चर्चमध्ये त्याची जागा रिकामी दिसली म्हणून वर्नेटा प्रार्थना अर्धवट सोडून आली. पेटीत मला तिची हाक ऐकू आली. तिने "आल्विन!" अशी एकदाच हाक मारली. पुन्हा मारली नाही.

दफन झाले, पाहुणे गेले. मार्सिया घर आवरायला मागे राहिली. तिला पेटी सापडली आणि किल्ली आल्विनच्या जुडग्यात मिळाली, पण तिने ती उघडली नाही. फोनवर ती कोणाला तरी सांगत होती की डेन्व्हरला एक चर्च लोकांनी आणून दिलेल्या बंदुका कापून त्यांची बागेची खुरपी करते. "मी हे तिथे देणार आहे," ती म्हणाली.

मित्रांनो, मला राग आला नाही. माझ्या जातीने या देशात काय काय केले आहे ते पेटीत बसूनही ऐकू येते. खुरपे होऊन कोणाच्या तरी बागेत मातीत जायला मला आवडले असते.

संध्याकाळी वर्नेटा शेवयांच्या सूपचे पातेले घेऊन आली. दोघी टेबलाशी बसल्या. मी मधोमध होतो, कुलपात. मार्सियाने तिला खुरप्यांविषयी सांगितले.

"चांगलं आहे की," वर्नेटा म्हणाली आणि सूप ढवळत राहिली.

"आंटी, तुम्हाला हे हवं होतं का?"

"मला खूप काही हवं असतं गं. तरुण गुडघे हवे आहेत."

"खरं सांगा."

वर्नेटाने चमचा खाली ठेवला. "त्या दिवशी तुझा बाप चपलांवर पळत आला ना, एक चप्पल शेतात राहिली होती. आठवडाभर मी त्याला चिडवत होते." ती थांबली. "आता कोण येणार पळत?"

मार्सियाने सूपची वाटी बाजूला सरकवली. मग हळूच म्हणाली, "आंटी, वर्गात आमचा सराव असतो. कोणी बंदूक घेऊन शाळेत शिरलं तर काय करायचं त्याचा. मी दिवे घालवते आणि मुलांना कोपऱ्यात बसवते. सात वर्षांची मुलं. जो सगळ्यात शांत बसतो त्याला मी चांदणीचा स्टिकर देते. तुम्हीच सांगा, यानंतर मी याच्याकडे कशी बघणार होते?"

"मला माहीत आहे ते स्टिकरचं."

"कसं?"

"आल्विनने सांगितलं. गावात सगळ्यांना सांगायचा. म्हणायचा, माझी पोर ज्याला घाबरते त्याला तिने घाबरायलाच हवं. फक्त मी गेल्यावर ही पेटी तिच्याच हातात येणार, तेव्हा तिला उघडता आली पाहिजे. बाकी काही नाही."

"मला कधी नाही म्हणाला असं."

"तुला म्हणायचा की. दरवर्षी. त्याचे शब्द वेगळे होते, एवढंच."

वर्नेटा उठली. पातेले इथेच असू दे, उद्या नेईन, असे म्हणत ती कोटात हात घालू लागली. बोटे बाहीत अडकली. ती दाराशी पोचली तेव्हा मार्सियाने किल्ली फिरवली.

मित्रांनो, प्रकाश आत आला तेव्हा मला पहिल्यांदाच तिचा चेहरा समोरून दिसला. डोळे अगदी आल्विनचे होते. तिने मला उचलले. माझे तोंड तिने भिंतीकडेच ठेवले आणि बोट चापापासून लांब. न बघताही ती इतकी वर्षे बापाच्या सूचना ऐकत होती तर.

"चक्री उघडत नाहीये."

"डावीकडचा खटका अंगठ्याने पुढे ढकल," वर्नेटा दारातूनच म्हणाली. "हां. आता बोटांनी बाहेर लोट."

माझी चक्री उघडली.

जगात माझ्यासारखी जुनी रिव्हॉल्व्हरे अजून पुष्कळ आहेत. काही कुलपात आहेत, आणि काही उशीखाली, कपाटात, गाडीच्या खणात, जिथे ती असू नयेत. तुम्हाला कधी एखादे दिसले तर त्याला हात लावू नका. मागे फिरा आणि ताबडतोब मोठ्या माणसाला सांगा. आणि मोठी माणसे हे वाचत असतील तर त्यांना एवढेच सांगणे आहे की आम्हाला कुलपात ठेवा, गोळ्या वेगळ्या ठेवा आणि प्रत्येक वेळी उघडून बघा. तुम्हाला माहीत असले तरी बघा. आमच्याविषयी सगळे माहीत आहे असे ज्याला वाटते, त्याच्याच हातून वाईट घडते.

मार्सियाने मला खिडकीच्या उजेडासमोर धरले. सहाही घरांतून तिला मावळतीचे शेत दिसले असेल. ती एकेका घरातून बघत गेली. घाई केली नाही.

मग तिने मला वर्नेटापुढे धरले, चक्री तशीच उघडी ठेवून.

"रिकामं आहे. बघा."

"बघितलं," वर्नेटा म्हणाली आणि त्या गाठाळ बोटांनी मला घेतले. "पण फुकट नाही हं घेणार. गावातल्या दुकानात जाऊन रीतसर नावावरही करून घेऊ."

मार्सियाने मान हलवली. तिचा हात अजून तसाच पुढे होता, जसा तिचा बाप दरवर्षी धरून ठेवायचा. ती टेबलापलीकडच्या त्याच्या खुर्चीकडे वळली, आणि या वेळी तिने तोंड फिरवले नाही.

"बघितलं, डॅड," ती म्हणाली.