वायपरच्या मोटरीचा हात

मी लोखंडाची बाई बोलतेय. भिऊ नका, चावत नाही. मारते मात्र.

वणीच्या रजतनं सिनेमा काढला. त्याच्या गोष्टीतल्या जगात बायांसारखी यंत्रं खाणीच्या पोटात बनतात. पट्ट्यावरून हात येतात, पाय येतात, भट्टीत चेहरे दाबतात, नळ्यांत रक्त भरतात. मग पहारेकरी प्रत्येकीला सळईनं झोडतात. गप राहिली ती पास. हात उचलला ती परत भट्टीत, वितळायला. हे ऐकून सगळे वा वा म्हणाले. सिनेमावाल्यांचा स्वयंपाक करणारी विमलताई भाकरी थापत राहिली.

त्या यंत्रांतली एक मी, पण माझा खरा जन्म वाहिदभाईच्या गॅरेजातला. पाय मोटरसायकलच्या शॉकअपचे, शिरा सलाईनच्या नळ्यांच्या, आत लाल पाणी, डोक्याला काथ्याच्या झिंज्या. उजव्या हातात ट्रकच्या वायपरची मोटर. बटन दाबलं की मूठ खालून वर येते, झटक्यात.

चेहऱ्याच्या साच्यासाठी जिवंत बाई हवी होती. ओलं प्लास्टर तोंडावर घेऊन पडायचं, नाकात नुसत्या नळ्या. कोणी तयार होईना. विमलताई म्हणाली, "मले सवय हाय निपचित पडाची." साच्यात तिच्या भुवईवरचा व्रणही उतरला. वाहिदभाईनं विचारलं, हा कशाचा. मोरीत पडली म्हणे. बायका फार पडतात बाई मोरीत.

मी उभी राहिले तशी विमलताईनं नारळ फोडला, नव्या ट्रॅक्टरला लावतात तसं मलाही कुंकू लावलं. यंत्राला कुंकू नसतं, पुसा, असं रजत म्हणाला. तिनं पुसू दिलं नाही.

शूटिंगला पहारेकरी म्हणून कोळशाच्या ट्रकवरची माणसं आणली. त्यात विमलताईचा नवरा डोमाजी. माझं बटन तिच्याच हाती दिलं होतं. सांगेन तेव्हाच दाबायचं, रजतनं बजावलं.

बाकीच्यांनी लटकं मारलं. डोमाजीनं कुंकू पाहिलं, व्रण पाहिला अन् सिनेमा विसरला. आधी भुवई फोडली. मग डावी बरगडी. मग झिंज्या धरून पोटात लाथ. नळ्या फुटून लाल पाणी त्याच्या तोंडावर उडालं. रजत थांब थांब ओरडत राहिला.

"वर तोंड करून पाह्यतं काय वं? भाजीत मीठ तुहा बाप टाकीन काय?"

लोखंडाला मीठ विचारत होता. तेव्हा सगळ्यांना कळलं.

विमलताईचा एक हात स्वतःच्या डाव्या बरगडीवर गेला. दुसऱ्यानं तिनं बटन दाबलं.

माझी मूठ त्याच्या जबड्याखाली बसली. दात कोळशाच्या चुरीत पडले. तो उठला, सळई घेऊन तिच्याकडे धावला, तो माझ्या पुढूनच. तिनं परत दाबलं. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसं त्याचं कोपर मोडलं.

ती जवळ जाऊन सावकाश म्हणाली, "आता तुमी बी मोरीत पडलो म्हनून सांगजा."

गोष्टीप्रमाणे मला वितळवायचं होतं, भट्टी पेटली होती. विमलताईनं मला हातगाडीवर घातलं अन् घरी आणलं.

आता तिच्या दारात उभी आहे. एक डोळा नाही, बरगड्या वाकल्यात, गुडघ्यांना गंज आहे. कुंकू रोज ताजं. डोमाजी फाटकाबाहेरून विचारतो, येऊ का. ती कधी ये म्हणते, कधी म्हणत नाही.

माझं काय, आज ना उद्या भंगारात जाईन. पण तुमच्या गल्लीत कोणी बाई सारखी मोरीत पडत असेल, तर वाहिदभाईकडे जा. साचा त्यानं जपून ठेवलाय. पाय मागाहून लावा, डोळे नसले तरी चालतील. हाताची मोटर आधी बसवा.