वाक्य पुरं होईपर्यंत

विद्यापीठात कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल नियम करायचे ठरले, तेव्हा सगळ्यांनी एकमताने ते काम विभागप्रमुख बाईंच्या गळ्यात मारलं. नको असलेली कामं दुसऱ्याला देताना विद्यापीठात नेहमीच एकमत होतं. बाई समाजशास्त्र शिकवायच्या. हुशार होत्या, कामाला वाघ होत्या आणि बोलायला लागल्या की गाडी थांबत नसे.

त्यांनी नियम लिहिले आणि खरं सांगायचं तर चांगले लिहिले. मजकूर माणसाचा की यंत्राचा, हे दुसऱ्या यंत्राला विचारायचं आणि त्याने अमुक टक्के म्हटलं की मुलाला दोषी धरायचं, हा प्रकार त्यांना मुळीच पटत नव्हता. त्यांचा नियम साधा होता. यंत्राची मदत घेतली असेल तर प्रबंधात तसं सांगा. आणि संशय आलाच, तर विद्यार्थ्याने तिघा शिक्षकांपुढे बसून आपलं काम तोंडी समजावून द्यावं. ज्याने लिहिलंय त्याला सांगता येईलच. नाही आलं, तर प्रबंध नामंजूर. सगळ्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण ठेवायचं, म्हणजे मागाहून कुणी कटकट करायला नको. बैठकीत टाळ्या पडल्या. बाई आठवडाभर खुशीत होत्या.

नियमाखाली पहिला सापडला तो मौनी. हे त्याला वर्गाने दिलेलं नाव. दोन वर्षं मागच्या बाकावर मूग गिळून बसलेला मुलगा. प्रश्न विचारला की खाली बघायचा, हजेरीला नुसता हात वर करायचा. त्याचा प्रबंध मात्र असा उतरला होता की वाचणारा खुर्चीत सरळ होऊन बसावा. विषय होता, हमरस्त्यावरचा पादचारी पूल सोडून लोक जीव धोक्यात घालून खालूनच का पळतात. त्याच्या मार्गदर्शकांनीच शंका काढली. ज्याच्या तोंडून कधी शब्द फुटला नाही, तो इतकं सफाईदार लिहील कसा? शहराच्या वाहतूक कार्यालयात पोराला नोकरी मिळाली होती आणि ती या पदवीवर अडलेली होती. प्रबंध गेला की पदवी गेली, पदवी गेली की नोकरीही गेली.

विभागाच्या छोट्या खोलीत तिघं बसले. मधे बाई, एका बाजूला आकडेवारीचे सर, दुसऱ्या बाजूला कायदेवाले सर. मौनी समोर.

"घाबरू नकोस," बाई म्हणाल्या. "एवढंच सांग, लोक पूल का टाळतात?"

"का... का... कारण व... व..."

आणि तिघांच्या लक्षात आलं, की हा मुलगा अबोल नाही, बोलताना अडतो. दोन वर्षं शिकवणाऱ्या माणसांना हे त्या दिवशी कळलं! तिघंही मनाने मऊ. पोराची ती धडपड कुणालाच बघवेना.

"वर चढायचा कंटाळा येतो, असंच ना?" आकडेवारीचे सर पुढे झाले.

मौनीने त्यांच्याकडे बघितलं. होकारार्थी मान हलवली.

"म्हणजे घाई असते लोकांना," बाईंनी री ओढली. पुन्हा मान हलली.

"बा... बायका... बायका त्या..."

"हातात सामान असतं त्यांच्या," कायदेवाले सर म्हणाले. एरवी ते कुणाला बोटभर सवलत देणारे नव्हेत, पण त्यांनाही राहवलं नाही.

असं अर्धा तास चाललं. मौनी बाहेर गेला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. बाईंनी प्रबंध उघडला आणि त्यांचा चेहरा पडला. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, की कंटाळा, घाई किंवा सामान हे खरं कारण नव्हेच. निवांत चाललेली, रिकाम्या हातांची माणसंही पूल टाळतात.

"स्वतः लिहिलेल्याच्या बरोबर उलटं बोलला," कायदेवाले सर म्हणाले. "आता आणखी पुरावा काय हवा?"

बाईंना वाईट वाटलं. पण नियम त्यांचाच होता, आणि पहिल्याच खेपेला तो वाकवला तर पुढे कोण मानणार? निकाल लिहायचं काम घेऊन त्या घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. जेवणाच्या टेबलाशी बसून त्यांनी ध्वनिमुद्रण लावलं. नवरा शेजारीच वाटाणे सोलत होता. तो दातांचा डॉक्टर. थोडा वेळ त्याने ऐकून घेतलं.

"अगं, परीक्षा कुणाची होती?"

"एका मुलाची. का हो?"

"मग तो आलाच नव्हता का? मला तर तुम्ही तिघंच ऐकू येताय."

"काहीतरीच! बोलताना अडतो तो. आम्ही जरा मदत करत होतो."

"मीही करतो की अशी मदत. पेशंटच्या तोंडात आरसा, सुई, कापूस सगळं कोंबतो आणि विचारतो, दुखत नाही ना? तो म्हणतो 'आं आं'. मी म्हणतो, शाबास, नाही दुखत!" तो मनापासून हसला आणि एक वाटाणा तोंडात टाकला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी ध्वनिमुद्रण पुन्हा पहिल्यापासून लावलं. मौनीचं एकही वाक्य शेवटाला गेलेलं नव्हतं. प्रत्येकाचं शेपूट त्यांच्यापैकी कुणीतरी लावलेलं होतं, आणि तेही प्रबंध बाजूला ठेवून, साधारणपणे लोक जे म्हणतात तेच. अर्ध्या वाक्यावरून पुढचा शब्द ठोकून द्यायचा, हाच तर त्या यंत्राचा धंदा! ज्या मुलावर यंत्र वापरल्याचा आळ होता, त्याच्यापुढे तीन यंत्रं मांडून ठेवली होती. बाईंनी निकालाचा कोरा कागद बाजूला सारला आणि दोन्ही सरांना फोन लावले.

"मॅडम, नियमात एकच संधी आहे," कायदेवाले सर म्हणाले. "तुम्हीच घातलंय ते."

"विद्यार्थ्याने सांगावं असंही मीच घातलंय. त्याने अजून सांगितलेलंच नाही. जे काही सांगितलं ते आपण. म्हणजे त्याची संधी अजून शिल्लक आहे."

"वादात तुमच्यापुढे कोण टिकणार!" ते म्हणाले आणि यायला कबूल झाले.

पुन्हा तीच खोली आणि तोच प्रश्न. फक्त बाईंनी आधी बजावून ठेवलं होतं, की कुणी हूं की चूं करायचं नाही. सांगायला सोपं, पण पाळताना जीव कासावीस होत होता. मौनी एका अक्षराशी अडला की तिघांच्या जिभेवर पुढचा शब्द येऊन बसायचा. आकडेवारीचे सर पेनचं टोपण चावत राहिले. कायदेवाल्यांनी पाण्याचा पेला उगीचच दोनदा उचलून खाली ठेवला. बाईंनी तर टेबलाखाली स्वतःचं मनगट घट्ट धरलं होतं. बाहेर कुणी बाक ओढत नेलं, त्याचा आवाज येऊन गेला, तरी वाक्य संपलेलं नव्हतं.

पण ते संपलं. मग दुसरं आलं. तो सांगत गेला तसं त्यांना कळत गेलं, की पुलाच्या कडेला जाहिरातींचे उंच पत्रे ठोकलेत. त्यामुळे वर वळणापलीकडे कोण उभं आहे ते खालून दिसत नाही. बायका पायरीशी येतात, वर बघतात आणि मागे फिरतात. दुसरी कुणी बाई चढायला लागली, की मात्र तिच्या मागोमाग चढतात.

"कं... कंटाळा असता," मौनी म्हणाला, "तर दु... दुसरीच्या मागूनही च... चढल्या नसत्या. भी... भीती आहे ती. प... पत्रे काढले पाहिजेत."

हे यंत्राने सांगितलेलं नव्हतं. हे उन्हात त्या पायरीशी उभं राहिलेल्या माणसाने सांगितलं होतं.

"अरे, मग त्या दिवशी आमच्या प्रत्येक शब्दाला मान का हलवलीस?" बाईंनी विचारलं.

तो जरा ओशाळला. "तुम्ही... म... मदत करत होतात."

बाईंना मान वर करवेना. तेवढ्यात तोच पुढे म्हणाला, की यंत्र त्याने वापरलंय. लिहायला नाही. घरी रोज संध्याकाळी मोबाइलवर त्याच्याशी बोलायचा सराव केला, या परीक्षेसाठी.

"यंत्राशीच कशाला?" कायदेवाल्यांनी विचारलं. "घरी माणसं नाहीत?"

"आहेत. प... पण माणसं वाक्य तो... तोडतात. यंत्र पु... पुरं होईपर्यंत थांबतं."

बाईंना लाज वाटली. नियम लिहिताना यंत्राला काय काय येतं याचा त्यांनी किती विचार केला होता! पण एका मुलाला बोलायला यंत्राकडे का जावं लागतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. ऐकून घ्यायचं काम तर त्यांचं होतं, या तिघांचं, आणि पगारही त्याचाच मिळत होता.

प्रबंध मंजूर झाला. प्रस्तावनेत सरावाबद्दल एक ओळ घाल, असं कायदेवाल्यांनी सांगितलं, आणि निकालावर पहिली सही त्यांनीच केली. मौनी उठला, दारापर्यंत गेला, वळला. त्याचे ओठ हलायला लागले. आता आभार मानणार, हे तिघांनीही ओळखलं. "अरे, राहू दे, राहू दे," हे शब्द बाईंच्या ओठांवर आलेच होते. त्यांनी ते गिळले आणि थांबल्या.

"म... मॅडम," मौनी म्हणाला, "हे... हे थांबणं आता नि... नियमात लिहा."